कुंदगोळची तालीम

संस्थानी मुलखातील लहान गावांच्या दप्तरांत सारावसुलीचे आणि वतनांच्या तंट्यांचे कागद जेवढे हाती लागतात, त्याच्या शतांशानेही त्या गावांतील गाण्याचे लागत नाहीत. आणि म्हणून जमखंडीकर पटवर्धनांच्या अमलाखालील, हुबळीजवळच्या कुंदगोळचे नाव आज जे सर्वतोमुखी आहे, त्याचे श्रेय कोणत्याही सनदेला नव्हे, तर तेथे तयार झालेल्या तीन-चार गळ्यांना द्यावे लागते.

तेथील नाडगीर हे वतनदार घराणे गाण्याचे मोठे शौकीन. उत्तरेतील किराण्याहून निघून बडोद्यामार्गे दक्षिणेत उतरलेले आणि पुढे मिरजेस स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ त्यांच्या वाड्यात मुक्कामास येत. आणि त्याच वाड्यात कारकुनी करणाऱ्या गणेश सौंशी यांचा १८८६ साली जन्मलेला मुलगा रामचंद्र खाँसाहेबांच्या पायाशी बसला, तो सुमारे आठ वर्षे तेथून हलला नाही. खाँसाहेबांचा आवाज अतिशय सूक्ष्म, टोकदार आणि आर्त. रामभाऊंचा गळा निसर्गतः राठ, बैठकीत तापायला वेळ घेणारा. अशा गळ्याला चिजांचा भरणा करून काय लाभणार? तेव्हा षड्ज लावणे, तो तंबोऱ्यात मिसळेपर्यंत धरणे, एकेका स्वराभोवती आलापाने सावकाश फिरणे आणि तेच पलटे पुनःपुन्हा घोटणे, हीच मुख्य तालीम झाली.

एवढे करून शिष्य नाटकात गेला. खाँसाहेबांना ते रुचले नाही, आणि त्यांचा रोष अकारण होता असेही मला वाटत नाही. परंतु स्त्रीभूमिका गाजविणाऱ्या या नटाला ‘सवाई गंधर्व’ ही पदवी रसिकांनी दिली ती ज्या गाण्यासाठी, ते त्याच रुष्ट गुरूने दिलेले होते. अवज्ञा केलेल्या शिष्याचे ऋण आज्ञाधारकाहून कमी असते, असा हिशोब निदान आमच्या संगीताच्या इतिहासात तरी दिसत नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीस जाताना सिंगपेरुमाळकोईलच्या रेल्वे स्थानकावर खाँसाहेबांचे देहावसान झाले. देह मिरजेस आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आला, आणि किराणा घराण्याचे गवई तेथे वर्षाच्या वर्षी स्वरांची हजेरी लावू लागले. त्या हजेरीत बिदागीचा प्रश्न नसतो. जे गुरूकडून घेतले ते गुरूसमोर रुजू करावयाचे, एवढाच तिचा अर्थ.

इकडे कुंदगोळी तालमीचे चक्र पुन्हा सुरू झाले होते. अब्दुल करीम खाँची एक तबकडी ऐकून वेडावलेला आणि कोवळ्या वयात घर सोडून ग्वाल्हेर, जालंधरपर्यंत गुरू शोधीत भटकलेला गदगचा भीमसेन जोशी अखेर स्वतःच्याच मुलखात, सवाई गंधर्वांच्या दारी आला. त्याने घरचे पाणी भरावे, इतर कामे करावीत, आणि गुरूची मर्जी झाली म्हणजे शिकावे, असा क्रम. राग शिकविले तेही मोजकेच, प्रामुख्याने तोडी, मुलतानी, पुरिया. पण ते असे की त्यांवरून बाकीचे स्वतःच्या बुद्धीने उलगडावेत. हुबळीच्या गंगूबाई हनगल आगगाडीने कुंदगोळला येत आणि तालीम आटोपून रात्रीच्या गाडीने परतत. संसाराचा भार वाहणाऱ्या स्त्रीने केलेला हा खटाटोप भीमसेनांच्या पाणी वाहण्याइतका लोकांच्या तोंडी नाही, हा मला अन्याय वाटतो.

१९५२ साली सवाई गंधर्व पुण्यात निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू झाला. आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या त्या उत्सवाचा भार भीमसेनांनी कित्येक दशके वाहिला. कलावंतांना आमंत्रणे देण्यापासून व्यवस्थेपर्यंत सर्वत्र त्यांचा हात असे आणि स्वतः ते सर्वांच्या शेवटी गात. त्यानंतरही एक गायन उरत असे, ते गुरूचे. सवाई गंधर्वांची भैरवीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका वाजली की मगच उत्सव संपला असे मानीत. २०११ साली भीमसेन गेले आणि उत्सवाच्या नावात गुरूच्या नावामागे शिष्याचेही नाव आले.

हे शिष्य गुरूसारखे गात असत काय? सवाई गंधर्वांचेच आणखी एक शिष्य फिरोज दस्तूर खाँसाहेबांच्या शैलीशी अधिक एकनिष्ठ राहिले. गंगूबाईंचा आवाज शस्त्रक्रियेनंतर पुरुषी भारदस्तपणाकडे झुकला, आणि त्यांनी तो तसाच गाण्यात आणला. भीमसेनांनी तर केसरबाई, अमीर खाँ अशा परक्या घराण्यांतूनही मनमुराद उचल केली. किराण्याचा शुद्ध नमुना यात बिघडला, अशी तक्रार करणाऱ्यांनी रामभाऊंची ध्वनिमुद्रणे खाँसाहेबांच्या तबकड्यांशेजारी ठेवून ऐकावीत. तो नमुना कुंदगोळच्या पहिल्या शिष्यानेच आपल्या राठ गळ्याच्या मापाने बेतून घेतला होता.