नखविकार, वृद्धांमधील
उतारवयात नखांचा रंग, जाडी, आकार व वाढ यांत होणारे बदल आणि रोग. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिमी., तर पायाचे सुमारे १ मिमी. वाढते, पंचविशीनंतर हा वेग दरवर्षी सुमारे ०.५ टक्क्याने मंदावतो. नखे निस्तेज व ठिसूळ होतात, त्यांवर उभ्या रेघा उमटतात. हे बदल स्वाभाविक आहेत. परंतु पायाचे जाड, पिवळे नख केवळ वयामुळे झाले असे मानणे चुकीचे ठरते. कवकसंसर्ग, सोरायसिस किंवा घट्ट पादत्राणांचा दाब यांमुळेही नख तसेच दिसते. म्हणून कित्येक आठवडे कवकरोधी गोळ्या देण्याआधी नखाची कात्रणे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आवश्यक असते.

नखांचा प्रश्न केवळ दिसण्याचा आहे, असा आक्षेप घेतला जातो. मधुमेहात तो टिकत नाही. पायाची संवेदना बोथट झाली की वाकडे, जाड नख शेजारच्या बोटात रुतले तरी कळत नाही आणि जखम चिघळते. बंगळूरमधील ‘कर्नाटक इन्स्टिट्यूट ऑफ एंडोक्रायनॉलॉजी अँड रिसर्च’ या शासकीय संस्थेत मधुमेहोपचाराबरोबर पायांच्या उपचारांची सोय आहे, ती याच कारणाने. सावळ्या त्वचेच्या लोकांत नखावरील काळी उभी रेघ बहुधा निरुपद्रवी असते, हेही खरे. तथापि एकाच नखावर नव्याने उमटलेली, रुंदावणारी रेघ कर्करोगाची असू शकते. वाकता न येणाऱ्या, दृष्टी अधू झालेल्या वृद्धाची नखे पाहणे व कापणे हा म्हणून शुश्रूषेचाच भाग होय.