फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर

राजधानी हलवण्याचं वेड आमच्या भागाच्या पाण्यातच असावं. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी उचलून आमच्या देवगिरीला आणली, तिचं दौलताबाद केलं आणि काही वर्षांनी सगळा लवाजमा पुन्हा दिल्लीला नेला. बजाजनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत मी हाच उद्योग सलग अकरा दिवस केला. मी रोज संध्याकाळी दौलताबादला पोचत होतो आणि रात्रीतून दिल्लीला परत जात होतो, एवढाच काय तो फरक.

त्याचं असं झालं. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर, २००९ साली, अण्णांनी घरात कॉम्प्युटर आणला. अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. कॉम्प्युटर राहिला, पण तो चालू व्हायला इतका वेळ घेऊ लागला की बटण दाबून अंघोळ उरकून यावं, तरी हा आपला 'वेलकम'वरच. शेवटी कन्या म्हणाली, "बाबा, नवी एसएसडी बसवा. जुनी डिस्क राहू द्या आत, फक्त बूट नवीवरून करा."

मी पडलो बी. कॉम. आमचे बूट पायात. पुढे कळलं की हा शब्द आलाय तो पायातल्या बुटावरूनच! स्वतःच्या बुटांचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलायचं, अशी ती कल्पना. चालू होताना यंत्राला काही म्हणजे काही येत नसतं. आत कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम जागा होतो आणि मोठा प्रोग्राम कुठे राहतो, हे विचारत एकेका डिस्कचं दार वाजवतो. दारं कोणत्या क्रमाने वाजवायची, तेवढं आपण ठरवायचं. बँकेत ज्याला 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' खातं म्हणतात, तेच हे. पहिला आहे तोवर सही त्याचीच. तो नसेल तर दुसऱ्याची. अण्णांचं आणि माझं खातं असंच होतं.

१९८१ च्या आयबीएम पीसीत पहिला मान फ्लॉपीचा, म्हणजे ए ड्राइव्हचा. १९८३ च्या एक्सटीत दहा एमबीची हार्ड डिस्क आली. (आज त्या दहा एमबीत सौ.चे भिशीचे दोन फोटो मावतील.) तिचं नाव सी; पण मान फ्लॉपीचाच राहिला. कर्ती सून घरात आली तरी किल्ल्या सासूच्या कमरेला! एखादी साधी फ्लॉपी कुणी आत विसरलं, की यंत्र तिच्याकडेच हुकूम मागे आणि 'नॉन-सिस्टिम डिस्क' म्हणून अडून बसे.

फ्लॉपीत व्हायरस असला तर विचारूच नका. १९९० साली भारतात सापडलेल्या एका व्हायरसचं तर नावच जोशी! हा फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यात बसून येई, हार्ड डिस्कवर बिऱ्हाड थाटी आणि ५ जानेवारीला यंत्र अडवून 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करायला लावी. केलं की सोडून देई. नुसत्या शुभेच्छांवर भागवणारा उत्सवमूर्ती आमच्या शाखेत अजून झालेला नाही. पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलाश काटकरांकडेही व्हायरसने आजारलेली यंत्रं येऊ लागली. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी उतारे लिहिले आणि १९९५ साली त्यातून 'क्विक हील' निघालं. फुकटचा घरगुती उपाय मात्र एकच होता: सेटअपमध्ये जाऊन 'ए, सी'चं 'सी, ए' करायचं. किल्ल्या सुनेकडे!

मीही तेच केलं. कन्येने नव्या डिस्कवर विंडोज घालून दिलं होतं. मी डिलीट दाबलं, निळा पडदा आला, नवी डिस्क वर घेतली, जुनी खाली, एफ-दहा, यस. यंत्र वीस सेकंदांत हजर! मी सौ.कडे असं पाहिलं, की जणू मॅनेजरने माझी रजा मंजूर केलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पडद्यावर अण्णांनी लावलेलं वेरूळचं कैलास लेणं. तारीख १ जानेवारी २००९. कडेला त्यांच्या फायली: 'पाणीपट्टी', 'स्कूटर सर्व्हिसिंग', 'नातीचं बारसं'. बँकेतून आल्यावर पुन्हा क्रम बदलला. सकाळी पुन्हा लेणं.

"अहो, ती जुनी डिस्क फॉरमॅट करून टाका ना एकदाची," सौ. म्हणाली.

आई काही बोलली नाही. ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या लेण्यासमोर बसत होती, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

फॉरमॅट करण्याआधी मी अण्णांच्या फायली नव्या डिस्कवर आणल्या. इब्न बतूताने लिहून ठेवलंय, की दिल्लीत मागे राहिलेल्या एका आंधळ्याला दौलताबादपर्यंत फरफटत न्यायचा हुकूम झाला आणि पोचला तो फक्त त्याचा पाय. इतिहासकार ही गोष्ट अतिशयोक्त मानतात. मला पटते. 'नातीचं बारसं' उघडायला गेलो तर उघडेना. कन्येने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मी आणलेले नुसते शॉर्टकट होते. फोटो सगळे जुन्या डिस्कवरच. पाय पोचला, माणूस दिल्लीत! फॉरमॅट राहिलं.

बाराव्या दिवशी चौकातल्या दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडून नाण्याएवढा एक सेल बाहेर काढला. वीज नसताना घड्याळ आणि हा क्रम लक्षात ठेवायचं काम त्या सेलचं, आणि तो मेला होता. त्यात रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची आमच्या घराण्याची शिस्त, तीही अण्णांनीच लावलेली. तेव्हा यंत्र रोज रात्री सगळं विसरायचं आणि सकाळी आपल्या जुन्या मालकाकडे जायचं. चाळीस रुपयांत राजधानी हलली.

दुसऱ्या दिवशी आई चहा घेऊन बसली आणि म्हणाली, "अरे, ह्यांचं लेणं कुठं गेलं?"

मी सेल, सेटअप, तुघलक असं काहीतरी सांगू लागलो. कन्येने मला बाजूला सारलं. चालू करताना एफ-बारा दाबलं, की त्या एका वेळेपुरती दुसरी डिस्क निवडता येते. कायमचा क्रम बदलत नाही.

आता रविवारी सकाळी यंत्र आई चालू करते. चष्मा सारखा करते, एफ-बारा दाबते, खालच्या बाणाने जुन्या डिस्कवर येते. ती सुरू व्हायला चार मिनिटं घेते. तेवढ्यात चहा होतो.