थ्रेड 🧵 : .४४ मॅग्नमचा जन्म, अर्थात रानात जाताना कमरेला काय लावावे?

१/
४ जुलै १९२५, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. एल्मर कीथ या सव्वीस वर्षांच्या काउबॉयने पहाटेच आपल्या .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरमधून आकाशात बार काढायला सुरुवात केली. एका बारासरशी शस्त्रच फुटले. सिलिंडरचा वरचा भाग आणि त्यावरची पोलादी पट्टी उडून गेली. कीथ मात्र बचावला.

२/
दोष केवळ कोल्टचा नव्हता. काडतुसे कीथने स्वतः भरली होती आणि त्यांत रायफलीची जड गोळी बसवली होती. एवढा अट्टहास कशासाठी? रॉकी पर्वताच्या मुलखात शिकारीचे खरे शस्त्र रायफल. पण ती असते खोगिराला. घोड्याने स्वाराला फेकले, पाय रिकिबीत अडकला किंवा झुडपातून अस्वल पुढ्यात आले, तर हाताशी उरते ते कमरेचे रिव्हॉल्व्हर. ते दिवसभर वागवण्याइतके हलके हवे आणि प्रसंगी मोठे जनावर थोपवण्याइतके जबरही हवे. या दोन मागण्यांचे एकमेकींशी मुळीच पटत नाही.

३/
अपघातानंतर कीथ .४४ स्पेशलकडे वळला. कारण साधे होते: सिलिंडरचा बाहेरचा आकार तोच, पण छिद्रे किंचित लहान, म्हणून भोवतीच्या भिंती जाड. स्फोटाचा दाब याच भिंतींना सोसावा लागतो. शस्त्राची निवड झाली.

४/
खरा पेच दारूगोळ्याचा होता. १९०७ च्या सुमारास आलेल्या .४४ स्पेशलची कारखानी गोळी गोल तोंडाची आणि संथ होती. वेग सेकंदाला जेमतेम २३० मीटर. अशी गोळी मांस बाजूला सारत जाते. कीथने सपाट तोंडाची, धारदार खांद्याची, सुमारे १६ ग्रॅम वजनाची गोळी आखली. हा खांदा पूर्ण व्यासाचे छिद्र कापत जातो. ‘कीथ बुलेट’ या नावाने ती आजही ओतली जाते. तिचा वेग त्याने ३६० मीटरच्या पुढे नेला. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, तेव्हा ही वाढ जवळजवळ अडीचपट ठरते!

५/
असे काडतूस तयार विकावे, असा धोशा कीथने वर्षानुवर्षे लावला. कारखानदार कचरत होते आणि त्यांची भीती रास्तच होती. ते एखाद्या जुन्या, कमकुवत .४४ मध्ये भरले गेले तर १९२५ चीच पुनरावृत्ती, तीही परक्याच्या हातात. अखेर १९५५ च्या अखेरीस स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी तोड काढली: काडतुसाची पुंगळी सुमारे ३ मिलिमीटर लांब केली. आता ते जुन्या सिलिंडरात पुरते बसेचना. हेच .४४ मॅग्नम. कीथच्या नावाचा बोलबाला गोळीमुळे झाला. पण या साऱ्या प्रकरणातली सर्वांत शहाणी कल्पना हे ३ मिलिमीटरच म्हणावे लागतील.

६/
नवे रिव्हॉल्व्हर सुमारे १.३ किलोचे होते आणि त्याचा धक्का मनगटाला झोंबणारा. पुढे १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ चित्रपटाने रानासाठी घडलेले हे शस्त्र शहरी पोलिसाच्या हाती दिले आणि मागणी भडकली. अनेक हौशी ग्राहकांना मात्र तो धक्का पेलवला नाही. त्यांच्यासाठी वाट उघडीच होती: लांब काडतूस जुन्या शस्त्रात जात नसले, तरी आखूड .४४ स्पेशल नव्या मॅग्नममध्ये बिनघोर बसते. कित्येकांनी मॅग्नम विकत घेतले आणि त्यात भरले ते १९०७ चेच काडतूस.