सामाईक भाषा की एकमेव भाषा? अमेरिकेतल्या ‘फक्त इंग्रजी’चा इतिहास

१ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक आदेश काढला आणि इंग्रजी ही त्या देशाची अधिकृत भाषा झाली. ऐकणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो असा, की म्हणजे आधी नव्हती की काय? नव्हती. तीसहून अधिक राज्यांनी आपापल्यापुरते तसे कायदे केलेले होते, पण केंद्रीय पातळीवर जवळजवळ अडीचशे वर्षे अमेरिकेला अधिकृत भाषाच नव्हती. त्यांच्या राज्यघटनेत याविषयी अवाक्षर नाही.

त्याच आदेशाने आणखी एक गोष्ट केली आणि आमच्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. ऑगस्ट २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेला एक जुना आदेश रद्द झाला. ज्यांना इंग्रजी नीट येत नाही त्यांनाही सरकारी सेवा समजून घेता येतील, अशी व्यवस्था करायला तो जुना आदेश खात्यांना सांगत होता. आता दुभाषे काढून टाका असे नवा आदेश म्हणत नाही. तो खातेप्रमुखांना म्हणतो, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. म्हणजे काल जे कर्तव्य होते ते आज मर्जीवर आले. कर्तव्य आणि मर्जी यांतले हे अंतर आज आपल्याला तपासायचे आहे.

आधी दोन कल्पना वेगळ्या करून घेऊ. एक असते सामाईक भाषा. बाजारात, कारखान्यात, शेजारात माणसांना एकमेकांशी बोलावे लागते, म्हणून ती शिकतात. दुसरी असते एकमेव भाषा. इथे सरकार जाहीर करते की या एका भाषेखेरीज आम्ही बोलणार नाही आणि ऐकणारही नाही. पहिलीचा आधार लोकांची गरज, दुसरीचा आधार हुकूम. ‘फक्त इंग्रजी’चे समर्थक नेहमी पहिलीचे गुण सांगतात आणि कायदा मात्र दुसरीचा करतात. सगळी गफलत इथे आहे.

आता इतिहास बघा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा जुलै १७७६ मध्येच फिलाडेल्फियात जर्मन भाषेत छापला गेला. का? तर पेनसिल्व्हेनियातले जर्मन शेतकरी लढ्यात हवे होते. ज्याचा पाठिंबा हवा त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायचे, इतका साधा व्यवहार. पुढे एक दंतकथा पसरली की जर्मन एका मताने अमेरिकेची राष्ट्रभाषा व्हायची राहिली. तसे काही घडलेले नाही. कायद्यांची जर्मन भाषांतरे छापावीत, एवढाच व्हर्जिनियातल्या जर्मन भाषकांचा अर्ज होता. १७९५ साली त्यासंबंधीच्या कामकाजाच्या एका तांत्रिक ठरावावर ४२ विरुद्ध ४१ मते पडली. पण दंतकथा टिकली, कारण भीतीला दंतकथा लागते.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण याहून बोलके आहे. मेक्सिकोकडून हा मुलुख १८४८ साली अमेरिकेकडे आला. १८४९ च्या राज्यघटनेत लिहिले होते की कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध व्हावेत. ती घटना बनवणाऱ्यांत स्पॅनिश बोलणारे जुने रहिवासी होते. मग सोन्यामागे धावत लोकांचे लोंढे आले, जुने रहिवासी स्वतःच्याच भूमीत अल्पसंख्य झाले, आणि १८७९ च्या नव्या घटनेने सरकारी कामकाज फक्त इंग्रजीत आणले. त्या तीस वर्षांत स्पॅनिश भाषा काही बिघडली नव्हती. तिच्या बोलणाऱ्यांची सत्तेला गरज उरली नव्हती, इतकेच.

पहिल्या महायुद्धात या प्रवृत्तीने टोक गाठले. मे १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरांनी फर्मान काढले: शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, टेलिफोनवर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही. चर्चमधली प्रार्थनासुद्धा इंग्रजीतच. देवालाही इंग्रजी सक्तीचे! शेजारच्या नेब्रास्काने १९१९ साली कायदा केला की आठवी इयत्ता पार होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवणे हा गुन्हा. युद्ध संपले होते, कायदा मात्र तेव्हा आला. रॉबर्ट मेयर हे एका लूथरन शाळेत शिक्षक होते. मे १९२० मध्ये दहा वर्षांच्या एका मुलाला बायबलमधल्या गोष्टी जर्मनमधून वाचायला शिकवल्या म्हणून त्यांना २५ डॉलर दंड झाला.

मेयर यांनी दंड भरून विषय मिटवला नाही. ते लढले, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले, आणि जून १९२३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी जिंकले. या निकालातली एक बाजू नीट लक्षात घ्या. शाळांनी इंग्रजीतून शिकवावे असे राज्य सांगू शकते, हे न्यायालयाने नाकारले नाही. इंग्रजीच्या जोडीला दुसरी भाषा शिकण्या-शिकवण्यावर बंदी घालणे मात्र नागरिकाच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असे ते म्हणाले. म्हणजे सामाईक भाषेला मान्यता आणि एकमेव भाषेला नकार. विरोधी मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती होम्ससारखा मोठा माणूस होता. ज्या घरांत इंग्रजी कानावर पडतच नाही तिथल्या मुलांसाठी राज्याने असा प्रयोग करून पाहणे अवाजवी नाही, असे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद हलका नाही. पण इंग्रजी शिकवायला जर्मनवर बंदी कशाला लागते, याचे उत्तर त्यात नाही.

पुष्कळांना वाटते की हा सगळा बाहेरून आलेल्यांचा प्रश्न आहे. आले आहेत तर शिकावी इथली भाषा. मग हवाईचे काय? तिथे इंग्रजीच बाहेरून आली. १८९३ साली हवाईची राणी पदच्युत झाली आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी ठरले. ज्या भाषेत वृत्तपत्रे निघत होती, ती दोन-तीन पिढ्यांत आजी-आजोबांपुरती उरली. १९७८ साली राज्यघटनेने हवाईयन भाषेला इंग्रजीच्या बरोबरीने अधिकृत केले. १९८४ साली पालकांनी हवाईयनमध्ये चालणारी बालवाडी काढली. शाळांतला जुना निर्बंध १९८६ साली उठला. मोडायला एक कायदा पुरला, पुन्हा उभे करायला पिढ्या लागताहेत.

सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांचा खटला १९७४ चा. सुमारे १,८०० चिनी भाषक मुले इंग्रजी वर्गात नुसती बसवली जात होती. इंग्रजी शिकवण्याची खास सोय काही नव्हती. शाळांचे म्हणणे असे, की सर्वांना तेच पुस्तक, तोच फळा, तेच शिक्षक; भेदभाव कुठे आहे? सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की ही समानता नव्हे. ज्याला काही कळतच नाही त्याच्यापुढे सर्वांसारखे पुस्तक ठेवले म्हणजे शिक्षण दिले असे होत नाही. या पालकांना इंग्रजी नको नव्हती. त्यांची तक्रारच ही होती की आमच्या मुलांना इंग्रजी शिकवत नाहीत!

आता ऐंशीचे दशक. संघटित चळवळ तेव्हा उभी राहिली. तिचे एक अध्वर्यू होते सिनेटर हायाकावा. कॅनडात जपानी आई-बापांच्या पोटी जन्मलेले, शब्दार्थशास्त्राचे नामवंत प्राध्यापक. १९८१ साली त्यांनी इंग्रजीसाठी घटनादुरुस्ती मांडली आणि १९८३ साली ‘यू. एस. इंग्लिश’ ही संस्था काढण्यात ते पुढे होते. त्याआधीच, १९८० साली, मायामीच्या डेड काउंटीत मतदारांनी नियम संमत केला होता की इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेवर सरकारी पैसा खर्च करायचा नाही. चार वर्षांत त्या नियमाला भोके पाडावी लागली: दवाखाने वगळा, आणीबाणीच्या सेवा वगळा, आणि हो, पर्यटनाचा प्रचारही वगळा. पाहुण्याशी स्पॅनिश चालेल, कर भरणाऱ्या रहिवाशाशी नाही! १९९३ साली नियमच रद्द झाला.

ॲरिझोनाने १९८८ साली सार्वमताने घटनादुरुस्ती केली. मारिया-केली इनिगेझ या सरकारी कर्मचारी स्पॅनिश बोलणाऱ्या अर्जदारांशी स्पॅनिशमध्ये बोलत असत. आता नोकरी जाईल की काय, म्हणून त्या न्यायालयात गेल्या. त्यांचा खटला तांत्रिक कारणाने निकालात निघाला, पण १९९८ साली दुसऱ्या एका खटल्यात ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. कारण पाहा: लोकप्रतिनिधी आणि त्याचे मतदार, सरकार आणि नागरिक यांच्यातले बोलणेच ती तोडत होती. आमच्या मते या सगळ्या वादाचा गाभा हाच आहे. ‘फक्त इंग्रजी’ कोणालाही इंग्रजी शिकवत नाही. तिने शाळा निघत नाही, शिक्षक मिळत नाही. ती फक्त सरकारचे तोंड आणि कान बंद करते.

यावर हटकून विचारले जाते, मग काय शंभर भाषांत राज्य चालवायचे? नाही. कुठेतरी रेघ ओढावी लागते, आणि ती ओढता येते. मतदानाच्या कायद्यात १९७५ पासून अशी तरतूद आहे. आज साधारणपणे एका भाषागटातले, इंग्रजी पुरेशी न येणारे मतदार पाच टक्क्यांहून किंवा दहा हजारांहून अधिक असतील, तर ठरावीक निकषांनुसार मतपत्रिका त्यांच्याही भाषेत द्यावी लागते. न्यू मेक्सिकोची १९१२ पासूनची घटना तर सांगते की इंग्रजी येत नाही म्हणून कोणाचा मताचा किंवा ज्यूरीत बसण्याचा हक्क जाणार नाही. ज्यूरीच्या खोलीत दुभाष्या बसतो. न्यू मेक्सिको काही फुटून निघाले नाही. १९८९ साली त्याच राज्याने ‘इंग्रजी अधिक’चा ठराव केला: इंग्रजी हवीच, पण तिच्या जोडीला आणखीही.

आपण हे मुंबई-पुण्यात बसून ऐकताना खूश होऊ नये. आपल्या घटनेचे कलम ३५० सांगते की संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. उच्च न्यायालयातल्या इंग्रजीबद्दल आपण तक्रार करतो, आणि ती रास्त आहे. पण गडचिरोलीतली गोंडी बोलणारी बाई किंवा मेळघाटातली कोरकू बोलणारी बाई सरकारी दवाखान्यात येते, तेव्हा तिच्यापुढे आपली मराठी कोणत्या रूपात उभी असते? सामाईक भाषेच्या की एकमेव भाषेच्या? भाषेवर प्रेम करणाऱ्याने हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. मेयर यांच्या खटल्यातला न्याय तिलाही लागू आहे.

इथे थांबू. तुमचे प्रश्न जरूर विचारा.