सांगावा

आमच्याकडं जुन्या माणसांचा सोयरिकीचा एक हिशेब होता. तांबडं फुटताना निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत जिथं पोचेल, तिथवरच लेक द्यायची. जमीन किती, विहिरीला पाणी किती, हे नंतर. आधी अंतर. लेकीची खुशाली माणसाच्या पायानं यायची, आणि पायाला जेवढं झेपतं तेवढ्यावरच सोयरीक.

आमचं गाव बार्शी तालुक्याच्या उगवतीच्या अंगाला. पुढं बालाघाटाचा डोंगर आणि डोंगरापलीकडं येडशी, ढोकी. माझी आत्या तिकडं ढोकीच्या अलीकडं दिलेली. अंतराच्या हिशेबात ती सोयरीक बसत होती, बैलगाडीनं एक दिवस. पण त्या एका दिवसाच्या वाटेत एक सरहद्द होती. बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि येडशी-ढोकी निजामाच्या. आमची जुनी माणसं तिकडच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणायची. आजी तर मरेपर्यंत म्हणायची, "लेक मोगलाईत दिलीया."

त्या काळी घरातली बातमी म्हणजे सांगावा. तो न्यायला वेगळा माणूस नसायचा. जो कुणी तिकडं निघाला असेल त्याच्या कानात घालायचा. आठवडी बाजार हे सांगाव्याचं मोठं ठिकाण. बायकांचा खरा भरवसा कासारावर. तो बांगड्या भरायला गावोगाव फिरायचा आणि थेट ओसरीवर बसायचा. हात त्याच्या हातात असायचा, तेवढ्या वेळात पोरी माहेरचं विचारून घ्यायच्या. सासू शेजारी असली तर नुसतं एवढंच, "आमच्या गावाकडं पाऊस हाय का?" कासाराला कळायचं, पावसाचं विचारत नाही ही, आईचं विचारतेय. तो परत आमच्या गावात आला की आजीला सांगायचा, "लेक वाळलीया जरा, पण बरी हाय."

पंचमीला आणि दिवाळीला मूळ जायचं. मूळ म्हणजे लेकीला माहेरी आणायचं बोलावणं, आणि आणायला जाणारा भाऊ तो मुराळी. माझे वडील, म्हणजे अण्णा, आठव्या-नवव्या वर्षापासून मुराळी झाले होते. तिसरी भेटीची जागा येरमाळ्याची यात्रा. चैत्री पौर्णिमेला येडाई देवीची यात्रा भरते, लोक चुनखडी वेचायला जातात. आजी देवीला जायची हे खरं, पण तिचा अर्धा जीव देवीपाशी नि अर्धा आमराईत. आत्याच्या सासरची गाडी तिथं सुटलेली असायची. आमच्या घरात 'फिरायला जाणं' हा शब्दच नव्हता. यात्रा, लग्न, मयत आणि मूळ, एवढाच आमचा प्रवास.

येरमाळाही मोगलाईतच. सरहद्दीवर निजामाच्या करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, शिपाई गाठोडं सोडून बघायचे. तिकडं नाणंसुद्धा वेगळं, हाली शिक्का. आपल्या रुपयाला कल्दार म्हणायचे. सहा कल्दाराचे सात हाली मिळायचे. टपाल वेगळं, टपालाची तिकिटं वेगळी. आगगाडी मात्र सरहद्द ओलांडून जायची. बार्शी लाइट रेल्वेची ती छोटी गाडी. रुळांची रुंदी अडीच फूट. १८९७ ला ती बार्शीला आली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. पण गाडीला पैसे लागायचे, म्हणून आमची माणसं बैलगाडीनंच जायची. तरी ती सरहद्द कुणाला फार जड वाटत नव्हती. दोन्हीकडं भाकरी ज्वारीचीच.

ती जड झाली १९४७ नंतर. देशाला स्वातंत्र्य मिळालं, पण निजाम हिंदुस्थानात यायला तयार होईना. रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. त्यांच्याशी लढणाऱ्यांचे कॅम्प आमच्या बाजूला सरहद्दीवर बसले. गावंच्या गावं उठून बार्शीला आली, लोक धर्मशाळेत, देवळात, झाडाखाली राहिले. आत्या १९४७ च्या दिवाळीला येऊन गेली तेव्हा तिला दिवस होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, चैत्रात यात्रेवरूनच तिला परस्पर आणायचं, असं ठरलं होतं. चैत्र आला, पण कोण यात्रेला जातंय? गाडीवाट बंद. कासार येईना. आजी त्या वर्षी येरमाळ्याला गेली नाही.

पुढचे पाच महिने घरात बातमी नाही. आजी दर बाजारी बार्शीला चालत जायची आणि पळून आलेल्या माणसांत फिरायची. "ढोकीकडचं कुणी हाय का?" एवढंच विचारायची. एकानं सांगितलं, ते गाव जाळलं. दुसऱ्यानं सांगितलं, गावाला काही झालं नाही, पण माणसं रानात राहतात. तिसऱ्यानं सांगितलं, तुमच्या पाव्हण्यांच्या घरात एक बाई बाळंतपणात गेली. ती कोण हे त्याला माहीत नव्हतं. आजीनं त्या दिवसापासून कुंकू लावताना आरशात बघायचं सोडलं, असं आई सांगायची. आईलाही ते सासूकडूनच ऐकून माहीत. सुतक धरावं तर लेक जिवंत असेल, न धरावं तर मेली असेल. असे दिवस आमच्या घरानं काढले.

१३ सप्टेंबर १९४८ ला हिंदुस्थानची फौज निजामाच्या मुलखात शिरली. मोठी फळी सोलापूरकडून नळदुर्गावरून गेली. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. पाच दिवसांत सगळं आटोपलं. इतिहासाच्या पुस्तकात ते एका परिच्छेदात बसतं आणि मराठवाड्यात १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं. आमच्या घरात तो इतिहास असा आहे, की त्यानंतर आठव्या दिवशी सोळा वर्षांच्या अण्णांनी बैलगाडी जुंपली.

आत्या अंगणात ज्वारी पाखडत होती. मांडीवर साडेतीन-चार महिन्यांचा पोरगा. ज्येष्ठात झालेला, आणि माहेरी ठाऊकच नाही. बाळंतपणात गेलेली बाई तिची थोरली जाऊ होती. आत्याचं बाळंतपण रानातल्या खोपीत शेजारच्या तांबोळ्याच्या म्हातारीनं केलं होतं. अण्णांनी तिथं पाणीसुद्धा प्यालं नाही, बहिणीला आणि भाच्याला गाडीत घातलं आणि रातोरात परत फिरले. आजीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिलं काय विचारलं, तर "बाळंतपण कुणी केलं?" ऐकल्यावर म्हणाली, "तिला लुगडं दिलं पायजे." पुढच्या दिवाळीला ते लुगडं गेलं.

त्याच वर्षी, १ जून १९४८ ला, पुणे-नगर रस्त्यावर पहिली एस.टी. धावली. आमच्या आजीला त्याचा पत्ता नव्हता. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढं १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. सरहद्द नकाशावरून गेली, नुसती जिल्ह्याची हद्द राहिली. हाली शिक्का गेला. एकच टपाल झालं, आणि आमच्या घरात पोस्टकार्ड यायला लागलं.

कार्ड हा सांगाव्याचा धाकटा भाऊ. वर 'श्री', खाली 'सा. न. वि. वि.', मग 'इकडील सर्व क्षेम, तिकडील कळविणे'. तिसरीत गेल्यापासून घरातली कार्डं लिहायचं काम माझ्याकडं. आजी सांगायची एक तास आणि कार्डात मावायच्या दहा ओळी. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. ते घरात न्यायचं नाही, बाहेर उभं राहूनच वाचायचं आणि फाडून टाकायचं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कोपरा वाचता यायचा. पोस्टमन लांबून दिसला की आजी डोळ्यांवर हात धरून आधी कार्डाचे चार कोपरे बघायची.

१५ ऑगस्ट १९७२ पासून पत्त्यावर पिन कोड आला. ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, टपाल खात्यातले आणि संस्कृतातले कवी. बार्शीचा आकडा ४१३४०१, धाराशिवचा ४१३५०१. पहिले तीन आकडे दोन्हीकडं एकच. ज्या दोन गावांच्या मध्ये एकेकाळी बंदुका उभ्या होत्या, ती टपालानं एका खणात ठेवली.

ते वर्ष दुष्काळाचं. आम्ही सगळं घर खडी फोडायला होतो. मी तेरा-चौदा वर्षांचा. खायला परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि कामावर सुकडी. त्या खडीचा रस्ता झाला, आणि दुष्काळ सरल्यावर त्याच रस्त्यावरून आमच्या गावात पहिली एस.टी. आली. मुक्कामी गाडी. कंडक्टर रात्री देवळात झोपायचा आणि सगळ्या तालुक्याच्या बातम्या सांगायचा. हाताला आलेले फोड आणि दारात आलेली गाडी हे माझ्या डोक्यात अजून जोडूनच आहेत.

गाडी आली आणि सोयरिकीचा हिशेब बदलला. दिवसाची वाट बैलाच्या पायानं मोजत होतो, ती आता चाकानं मोजायला लागलो. आत्याची धाकटी लेक औशाकडं दिली. आजी कुरकुरली, "लई लांब." पण गाडीनं तेही दिवसाच्या आतच होतं.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. आमच्याकडंही भांडी वाजली, कुत्री भुंकली. सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं आणि अण्णा उठून उभे राहिले. औसा तालुकाच तो. गावात फोन एकच, पोस्टातला, तो लागेना. अण्णा आणि मी निघालो. लातूरच्या पुढं रस्ताभर मालट्रक, जीपा, भाकरी घेऊन निघालेली माणसं. दगड-मातीची माळवदाची घरं जागच्या जागी बसली होती. वरच्या मातीच्या ओझ्यानंच माणसं दबली. हजारो गेली. भाचीचं गाव जरा कडेला होतं. भिंती फाटलेल्या, पण माणसं शेतात बसलेली आणि धड. अण्णा तिच्याशी काही बोलले नाहीत. नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी आई वाट बघत असणार. परत येताना लातूरला बार्शीकडं जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ मी चिठ्ठी दिली, "पोरगी बरी आहे. आम्ही दोन दिवस इथंच थांबतो." त्याची-माझी ओळख नाही. त्यानं ती बार्शी स्टँडवर चहाच्या गाड्यावर दिली, तिथून ती आमच्या मुक्कामी गाडीत आली, आणि रात्री नऊला आईच्या हातात पडली. माणसाच्या हातून आलेला आमच्या घरातला तो शेवटचा सांगावा म्हणायचा.

मग पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ आले, मग घरात फोन, मग खिशात. १५ जुलै २०१३ ला तार बंद झाली. तारेनं आमच्याकडं एकच बातमी यायची, म्हणून ती गेल्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. माझी लेक पुण्यात दिली. अंतर कुणी विचारलंसुद्धा नाही. ती रोज फोनवर दिसते. नातवानं काय खाल्लं ते मला इथं बांधावर कळतं. जुन्या माणसांचं फार गोड गायचं माझ्या जिवावर येतं. पाच महिने लेकीचं सुतक धरावं की नाही हे ठाऊक नसलेल्या बाईच्या घरात मी वाढलो. लवकर कळणं ही किती मोठी गोष्ट आहे ते आम्हाला विचारा.

२०२० च्या एप्रिलअखेर आत्या गेली. नव्वदी कधीच ओलांडलेली. ज्येष्ठात खोपीत जन्मलेला तोच आतेभाऊ, आता सत्तरीचा, त्यानं फोन केला. पहाटे पाचला आत्यानं प्राण सोडला, पाच वाजून पाच मिनिटांनी मला कळलं. पण टाळेबंदी. जिल्ह्याच्या हद्दी बंद. बार्शी आणि येडशीच्या मध्ये, जिथं करोडगिरीचे शिपाई उभे राहायचे त्याच वाटेवर, पुन्हा आडवे बांबू. परवाना काढायचा म्हणजे दिवस जाणार, आणि उन्हाळ्यात घरात किती वेळ ठेवणार?

आमच्यात सासुरवाशीण गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात. अण्णा नाहीत, मग ते नेणं माझं काम. मी फोनवर काही बोलेना तेव्हा आतेभाऊच म्हणाला, "दादा, तू काळजी करू नगं. तिच्या पेटीत आजीनं पंचमीला दिलेलं एक हिरवं लुगडं होतं. कधी नेसली नव्हती. तेच घातलंय."

पेटी उघडून ठेवणारी बाई बहुधा जाणत होती. एकदा वाट बंद झालेली तिनं बघितली होती.

हद्दी खुल्या झाल्यावर मी लुगडं घेऊन गेलोच. ते वहिनीला नेसवलं. आता दर दिवाळीला मूळ वहिनीला आहे. पोरं म्हणतात, दादा, व्हिडिओ कॉल करा की. करतो, आणि शिवाय जातो. येडशीपर्यंत एस.टी., पुढं आतेभावाचा नातू मोटारसायकल घेऊन येतो. बैलगाडीचा दिवस होता, आता दोन तासही लागत नाहीत.