रेल्वेचे आगाऊ आरक्षण : तिकीट केव्हा काढावे?

भारतीय रेल्वेच्या बहुतेक गाड्यांत तिकीट दोन महिने आधी काढले वा आठ दिवस आधी, भाडे तेच असते. राजधानी, शताब्दी व दुरांतो या गाड्या अपवाद होत. ९ सप्टेंबर २०१६ पासून त्यांच्या बहुतेक वर्गांत दर दहा टक्के जागा भरल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी चढते. वाढीची मर्यादा सुरुवातीला पन्नास टक्के होती; २०१९ मध्ये ती चाळीस टक्के झाली. एरवी प्रवासी आगाऊ तिकीट काढतो तो पैसे वाचविण्यासाठी नव्हे, तर जागेच्या खात्रीसाठी.

ही खात्री किती आधी मिळावी, याविषयीचे धोरण अनेकदा बदलले. मे २०१३ मध्ये आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, १ एप्रिल २०१५ पासून पुन्हा १२० झाली आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून परत ६० झाली. ६१ ते १२० दिवस आधी केलेल्या आरक्षणांपैकी सुमारे २१ टक्के रद्द होतात, तर चार ते पाच टक्के प्रवासी तिकीट रद्द न करता गाडीकडे फिरकतच नाहीत, असे कारण रेल्वेने दिले. परदेशी पर्यटकांसाठीची ३६५ दिवसांची मुदत मात्र कायम राहिली.

चवथीला गावी येणाऱ्या चाकरमान्याला प्रवासाची तारीख पंचांगातूनच कळलेली असते. प्रवासाचा दिवस मुदतीत धरला जात नाही. त्यामुळे २०२५ च्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी, २६ ऑगस्टला, मुंबईहून सुटणाऱ्या गाड्यांचे आरक्षण २७ जूनला खुले झाले. अशा प्रवाशाने पहिल्याच सकाळी आठ वाजता तिकीट काढणे हिताचे.

आजारपण, मुलाखत किंवा घरातील दुःखद प्रसंग यांची तारीख कोणालाच आधी ठाऊक नसते. त्यांच्यासाठी जादा आकाराची ‘तत्काळ’ सोय आहे. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहाला व इतर वर्गांसाठी अकराला ती खुली होते. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार प्रमाणीकरण आवश्यक झाले. निश्चित झालेले तत्काळ तिकीट प्रवाशाने स्वतःहून रद्द केल्यास परतावा मिळत नाही.

हा आदला दिवस गाडीच्या मूळ स्थानकापासून मोजतात. निजामुद्दीनहून निघालेली मंगला एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी मडगावला पोहोचते. म्हणून मडगावहून एर्नाकुलमला जाणाऱ्यांसाठी तत्काळ आरक्षण दोन दिवस आधीच खुले होते. एक दिवस आधी खिडकीवर जाणाऱ्याला त्या जागा बहुधा संपलेल्याच आढळतात.