खाशाबांना न मिळालेला अर्धा तास



एखादा नावाजलेला खेळाडू अचानक हरला की आपण लगेच निदान करून मोकळे होतो. "दम संपला" किंवा "डोक्यात हवा गेली". पण हरण्यामागची कारणं सगळ्यांची सारखी नसतात. ताप एकच, पण कुणाला मलेरियाचा, कुणाला टायफॉइडचा, तसंच हे आहे. आज दोन प्रसिद्ध पराभव शेजारी शेजारी ठेवून पाहू. एक आपल्या मातीतला आणि दुसरा बॉक्सिंगच्या रिंगमधला.

लाल मातीतून मॅटवर

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १९२६ साली कराडजवळच्या गोळेश्वर गावात झाला. वडील पैलवान होते, त्यामुळे तालमीची ओढ घरातूनच आली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत असताना त्यांची निवड १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी झाली. फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोपर्यंत, ते सहावे आले.

लंडनला त्यांची गाठ मॅटवरच्या कुस्तीशी पडली. हा फरक समजून घ्यायला हवा. मातीत पाय रुततो, पकड मुरते, कुस्ती चितपट होईपर्यंत चालू शकते. मॅटवर पाय झटकन फिरतो, गुण मोजले जातात, घड्याळ चालू असतं. शरीर ज्या पृष्ठभागावर, ज्या वेगात सराव करतं, त्यासाठीच ते तयार होतं. तोल सांभाळणारे मेंदूतले आणि स्नायूंमधले संदेश नव्या जमिनीवर पुन्हा शिकावे लागतात. म्हणूनच हजार जोर आणि हजार बैठका मारणारा पैलवानही मॅटवर आधी चाचपडतो.

खाशाबांनी सहाव्या क्रमांकाचं दुःख कुरवाळलं नाही. पुढची चार वर्षं त्यांनी अधिक मेहनत केली आणि १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोच्या बॅंटमवेट गटात उतरले. तिथे पोचण्यासाठी पैसे उभे करणंही एक कुस्तीच होती. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये दिले, बाकी मदत गावकऱ्यांनी केली.

तो दिवस

हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग वाट्याला आले जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामादबेयोव्ह. दोन्ही कुस्त्या खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मामादबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी आपल्याला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत थांबावं लागलं.

पण त्या दिवसाची एक गोष्ट आजही सांगितली जाते. या दोन कुस्त्यांच्या मध्ये नियमाप्रमाणे किमान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. ती मिळाली नाही, आणि त्यांच्या बाजूने तक्रार करायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा तसेच मॅटवर उतरले.

अर्ध्या तासात शरीर काय करतं?

पंधरा मिनिटांची अटीतटीची कुस्ती म्हणजे शरीराच्या तीन तिजोऱ्यांवर एकाच वेळी दरोडा.

पहिली तिजोरी झटक्याच्या ताकदीची. डाव टाकताना, समोरच्याला उचलताना जी ताकद लागते, ती स्नायूतल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून येते. साठा जेमतेम दहा सेकंदांचा. पण तो परत भरतोही लवकर, साधारण तीन ते पाच मिनिटांत.

दुसरी तिजोरी साखरेची. प्राणवायू कमी पडतो तेव्हा स्नायू साखर घाईघाईने जाळतात. त्यात लॅक्टेट तयार होतं आणि स्नायूत आम्लता वाढते. हात जड होतात, पकड सुटते. रक्तातलं हे लॅक्टेट निम्म्यावर यायला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. म्हणजे अर्ध्या तासात त्यातला मोठा भाग निघून जातो. हलकं चालत राहिलं तर आणखी लवकर.

तिसरी तिजोरी स्नायूतल्या ग्लायकोजेनची. ती पूर्ण भरायला नीट जेवण आणि साधारण एक दिवस लागतो. अर्ध्या तासात तिथे फारसं काही होत नाही.

मेंदूचा हिशेब वेगळाच. थकलेला मेंदू समोरच्याची हालचाल उशिरा ओळखतो, ठरलेला डाव टाकायला क्षणभर कचरतो. कुस्तीत तो एक क्षण म्हणजे एक गुण.

म्हणून अर्ध्या तासाची विश्रांती ही दयामाया नव्हती. शरीरशास्त्राच्या नजरेतून ती खेळाचाच एक भाग होती. ती मिळाली असती तर खाशाबा जिंकलेच असते असं म्हणता येणार नाही, कारण समोरचे दोघेही जगातले अव्वल मल्ल होते. पण लढत बरोबरीच्या शरीरांची झाली असती.

टायसनचं उलटं झालं

आता ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत चला. हेवीवेट विश्वविजेता माइक टायसन तोवर ३७ लढतींत एकदाही हरला नव्हता. समोर बस्टर डग्लस, ज्याच्यावर कुणी पैसे लावायला तयार नव्हतं. डग्लसची आई काही आठवड्यांपूर्वीच वारली होती. आठव्या फेरीत तो खाली पडला, उठला, आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनला झोपवलं.

टायसनला विश्रांती हवी तेवढी होती, मेहनतच नव्हती. सराव नीट केला नव्हता, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. सरावातल्या एका लढतीत तो खाली पडला होता, म्हणजे शरीराने आधीच इशारा दिला होता. पण सलग जिंकणाऱ्या माणसाला तो ऐकू येत नाही. जिंकण्याची सवय मनात राहते, स्नायूत राहत नाही. दोन-तीन आठवडे व्यायाम सुटला तरी दमसास उतरू लागतो, मग तो विश्वविजेता का असेना.

दोघांच्या मनाचा फरकही पाहा. लंडनच्या सहाव्या क्रमांकाने खाशाबांना काय कमी आहे ते दाखवलं आणि त्यांनी ते भरून काढलं. टायसनच्या ३७ विजयांनी त्याला काहीच कमी नाही असं पटवलं. पण मन कितीही खंबीर असलं तरी ते रिकामी तिजोरी भरू शकत नाही, हेही हेलसिंकीने दाखवलं.

तुमच्या-माझ्यासाठी

पाम बीच रोडवर रविवारी धावणारे, जिमला जाणारे आणि मुलांना क्रीडा अकादमीत घालणारे पालक, सगळ्यांनाच हे लागू आहे.

• सराव ज्या प्रकारच्या स्पर्धेसाठी आहे तसाच करा. ट्रेडमिलवर धावून टेकडी चढता येत नाही.

• सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा. ती काही दिवस सलग नेहमीपेक्षा ८ ते १० ठोक्यांनी जास्त असेल, झोप नीट लागत नसेल, चिडचिड आणि वारंवार सर्दी होत असेल, तर व्यायाम वाढवू नका, कमी करा.

• मुलांना आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुट्टी द्या. एकाच दिवशी दोन सामने असतील तर मधल्या वेळेची चौकशी आयोजकांकडे आधीच करा. मूल स्वतः बोलणार नाही, ते काम मोठ्यांचं.

• मोठ्या खंडानंतर परत सुरुवात करताना जुना वेग विसरा. अर्ध्यापासून सुरू करा.

• व्यायामात छातीत दुखलं, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

खाशाबांच्या बाजूने बोलायला त्या दिवशी कुणी नव्हतं. तुमच्या घरातल्या खेळाडूच्या बाजूने बोलायला तुम्ही आहात. पुढच्या स्पर्धेला जाताना पाण्याची बाटली घ्याल, तेव्हा वेळापत्रकही एकदा वाचून घ्या.